धंद्याला काही नीती?

बोगस मतदार तयार करण्यावर आज आम्ही बोलणार नाही. तक्रार आहे ती कामाच्या दर्जाबद्दल.

राजुरा मतदारसंघात, म्हणजे आमच्या गोंडपिपरीसकट, ऑक्टोबर 2024मध्ये नव्या मतदारांचे साडेसात हजारांवर ऑनलाइन अर्ज आले. तपासात 6,800हून जास्त बोगस निघाले, रद्द झाले, गुन्हा दाखल झाला. आरोपी : अज्ञात. विधानसभेचं मतदान 20 नोव्हेंबरला होतं. ऐन सीझनमधली ऑर्डर!

आता त्यातलं एक नाव बघा. कळफलकावरून मांजर गेल्यासारखं. वाय, यू, एच. पुढे आडनाव : यू, क्यू, जे, जे, डब्ल्यू. पत्ता : सास्ती, सास्ती. अरे, आपल्याकडे नावांचा दुष्काळ पडलाय का? मडावी आहेत, कोडापे आहेत, झाडे आहेत. दोन-चार उचलायची होती. केंद्रावर पहिला मतदान अधिकारी नाव मोठ्यानं वाचतो, बाजूचे पोलिंग एजंट आपापल्या यादीवर खूण करतात. त्या बिचाऱ्यानं हे वाचायचं कसं? दुसरा 'जे' उच्चारेपर्यंत मागची रांग शेतावर निघून जायची. या मतदाराचं लग्न ठरलं तर पत्रिका छापणारा ॲडव्हान्स परत करील. पैसे घेतले तर माल नीट द्यावा, ही धंद्याची पहिली नीती. किराणा दुकानदारसुद्धा पाळतो ती.

आणि इकडे खऱ्या माणसाचं काय चाललंय? म्हातारीच्या कार्डावर एक वेलांटी चुकली, तर आधार आण, रेशन कार्ड आण, झेरॉक्स आण, लिंक नाही, सोमवारी ये. हेलपाट्यांत तिची मजुरी जाते. ती जिवंत, घर जागेवर, शेजारी साक्षीला, तरी पुरावा तिनंच द्यायचा. सास्ती-सास्तीच्या पाहुण्याला मात्र अर्ज भरताना कुणी हटकत नाही. त्याला पकडायला शेवटी मतदान केंद्राची यादी सांभाळणारे गुरुजी नाहीतर अंगणवाडीच्या ताई दारोदार हिंडायच्या. तुटपुंज्या मानधनात त्यांनी नीती पाळायची आणि धंदा करणाऱ्यांनी 'अज्ञात' राहायचं, हा कुठला न्याय?

यादीसाठी खोटं लिहून देणाऱ्याला 1950च्या लोकप्रतिनिधित्व कायद्याचं कलम 31 लागतं : एक वर्षापर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही. ऑनलाइन अर्जाला मोबाइल लागतो, ओटीपी लागतो. माग तिथून काढा आणि धरा त्याला.