बेस मॉडेलची मुंज

बेस मॉडेलची गाडी घेणाऱ्याला कंपनी एक वस्तू न मागता देते, ती म्हणजे डमी बटण. स्टिअरिंगच्या उजव्या अंगाला, गुडघ्याच्या थोडं वर, काळ्या प्लॅस्टिकचे दोन-चार चौकोन ओळीनं बसवलेले असतात. आकार बटणाचा, रंग बटणाचा, जागाही बटणाचीच. फक्त त्यावर चित्र नसतं आणि दाबलं तर काही होत नाही. काहीही न करण्यासाठी इतकी मोक्याची जागा एरवी फक्त महामंडळावर मिळते. पण डमी बटण बिनकामाचं आहे असं समजणं चुकीचं ठरेल. त्याला एक काम नेमून दिलेलं असतं आणि ते काम ते गाडी भंगारात जाईपर्यंत इमानेइतबारे करतं. तुमच्यासारख्याच गाडीत, तुमच्यासारख्याच एका माणसाच्या गुडघ्यापाशी इथे खरं बटण आहे, याची आठवण ते मालकाला रोज सकाळ-संध्याकाळ करून देतं. एका गाडीच्या पोटात दुसऱ्या गाडीचे भाग बसवण्याचा जो उद्योग देशभर जोरात चालतो, त्याचं श्रेय आपण मेकॅनिकच्या हुशारीला आणि गिऱ्हाइकाच्या हौसेला देतो. ते खरं या चौकोनी प्लॅस्टिकला द्यायला हवं.

ज्यांना चातुर्वर्ण्य इतिहासजमा झालं असं वाटतं, त्यांनी शोरूममध्ये जाऊन किमतीचा तक्ता मागावा. एलएक्सआय, व्हीएक्सआय, झेडएक्सआय आणि झेडएक्सआय प्लस असे चार वर्ण तिथे पायरीपायरीनं छापलेले सापडतील. पत्रा तोच, बहुतेक वेळा इंजिनही तेच, पण पहिल्या पायरीवरच्या माणसाला खिडकीची काच कशी खाली घ्यावी, इथपासून नियम वेगळे. या व्यवस्थेत जन्माच्या वेळी, म्हणजे बुकिंगच्या वेळी, दोन-तीन लाख जास्त मोजून वरच्या वर्णात जाता येतं, एवढी सुधारणा मात्र मान्य करायला हवी. एकदा गाडी दारात आली की वर्ण पक्का. नंतर शोरूममध्ये पैसे घेऊन गेलात तर मॅट मिळतील, सीटकव्हर मिळेल, मडफ्लॅप मिळतील, पण वरच्या मॉडेलचं बटणांचं स्टिअरिंग बसवून द्या म्हणालात तर समोरचा टाय घातलेला मुलगा मंदिराच्या पुजाऱ्यासारखा बघतो. मग माणूस कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठतो. दिल्लीकर मायापुरीला जातो, चेन्नईकर पुदुपेटला. टोटल लॉस झालेल्या गाड्यांच्या पोटातून काढलेली स्टिअरिंगं, सीटा, आर्मरेस्ट, मीटर तिथे मिळतात आणि सोबत एक मंत्रही मिळतो : ‘कपलर टू कपलर बसतं साहेब, वायर कापायची नाही.’ चार वर्णांसाठी चार वेगळ्या वायरिंगा ठेवणं कंपनीलाही नेहमी परवडत नाही, त्यामुळे पुष्कळदा वायर डमी बटणाच्या मागे आधीच येऊन थांबलेली असते. म्हणजे शरीरात सगळं आहे, अधिकार तेवढा नाही.

यावर नाक मुरडणाऱ्यांनी आधी मोठ्या घरांत काय चालतं ते बघावं. मॅकलारेन एफ-1 या नव्वदच्या दशकातल्या सगळ्यात वेगवान गाडीचे मागचे दिवे बोवा या डच बसचे होते. 1999 साली लॅम्बोर्गिनीनं आपल्या डियाब्लोला निस्सान 300 झेडएक्सचे हेडलाइट लावले. ॲस्टन मार्टिन फोर्डच्या मालकीची होती, तेव्हा तिच्या गाड्यांच्या आत फोर्ड आणि व्होल्वोची बटणं आणि किल्ल्या सर्रास नांदत होत्या. आपल्याकडे 2019 मध्ये मारुतीची बलेनो, नाव आणि मोनोग्राम बदलून, टोयोटाची ग्लान्झा म्हणून विकायला आली आणि कुणाच्या कपाळाला आठी पडली नाही. हेच काम कुर्ल्यात झालं तर जुगाड, बोर्डरूममध्ये झालं तर प्लॅटफॉर्म शेअरिंग. शिवाय कंपन्यांनी आता डमी बटणाच्याही पुढची पायरी गाठली आहे. 2022 मध्ये बीएमडब्ल्यूनं काही देशांत सीट गरम करण्याची सोय मासिक वर्गणीवर द्यायला सुरुवात केली. गरम होणारी सीट गाडीत बसवलेलीच होती, पण महिन्याला सुमारे 18 डॉलर भरल्याशिवाय ती गरम होणार नव्हती. इतका गहजब झाला की पुढच्या वर्षी ही योजना गुंडाळावी लागली. पण स्वतःच्या गाडीतला, आपण ज्यावर बसतो तो भागही दुसऱ्याच्या मालकीचा असू शकतो, हे तत्त्व त्या निमित्तानं जगाला कळलं. अशा जगात एखाद्यानं भंगारातून आर्मरेस्ट आणून आपला उजवा नाही तर निदान डावा कोपर तरी वरच्या वर्णात नेला, तर त्याला नावं ठेवण्याचा नैतिक अधिकार कंपनीला तरी उरत नाही.

कायद्याला मात्र तो आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कंपनीनं मुळात नमूद केलेल्या तपशिलांशी गाडीची नोंद विसंगत ठरेल असा बदल करता येत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये केरळातल्या एका प्रकरणात स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनं कलम 182-अ नव्यानं लिहिलं. परवानगी नसलेला बदल करणाऱ्या मालकाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे 5,000 रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘प्रत्येक बदलामागे’ हे शब्द वाचून सीएसटी रोडवर घाम फुटायला हवा होता. तो फुटला नाही, कारण आरसी बुकात चॅसी नंबर असतो, इंधन असतं, आसनसंख्या असते, आर्मरेस्ट नसतो. चौकातला हवालदार काळी फिल्म बघतो, बुलबार बघतो, फॅन्सी नंबरप्लेट बघतो. गाडीच्या आत डोकावून ‘हे स्टिअरिंग कुणाचं?’ असं विचारणारा हवालदार अजून जन्माला यायचा आहे. त्यामुळे कायदा बाहेरून बघतो आणि हौस आतून होते, असा दोघांचा सोयीचा संसार चालला आहे.

मग यात खटकण्यासारखं काय? खटकते ती निवड. वरच्या मॉडेलमध्ये शेकड्यानं गोष्टी जास्त असतात, त्यांतून आपण उचलून काय आणतो? बटणांचं स्टिअरिंग, लेदरच्या सीटा, आर्मरेस्ट, निळ्या-जांभळ्या उजेडाच्या पट्ट्या, चालूबंद करायचं गोल बटण. मागच्या सीटवर मधोमध बसणाऱ्यासाठी तीन टोकांचा पट्टा शोधत कुणी कुर्ल्याला गेल्याचं ऐकिवात नाही. तान्ह्या मुलाची सीट अडकवायचे आयसोफिक्सचे आकडे मागणारं गिऱ्हाईकही तिथे फिरकत नाही. उलट जे आणतो, ते आणताना जे असतं तेही घालवतो. स्टिअरिंगच्या आत एअरबॅगची वायर क्लॉक स्प्रिंग नावाच्या गुंडाळलेल्या चपट्या पट्टीतून जाते आणि एअरबॅग कधी, किती जोरात उघडायची याचं गणित त्या-त्या गाडीच्या संगणकात त्या-त्या गाडीसाठी मांडलेलं असतं. टोटल लॉस गाडीचं स्टिअरिंग बहुधा एअरबॅग फुटून रिकामं झालेलं असतं, वरचं झाकण तेवढं चिकटवून नवं केलेलं. बऱ्याच गाड्यांत साइड एअरबॅग सीटच्या पाठीच्या कडेला असते, म्हणजे सीट बदलली की तीही गेली. सीटखाली तिचा पिवळा कपलर अनाथ लोंबत राहतो आणि डॅशबोर्डवर एअरबॅगचा लाल दिवा पेटतो. दिवा पेटला की मालक घाबरतो, घाबरला की मेकॅनिककडे जातो आणि मेकॅनिक एअरबॅग बसवण्याऐवजी पिवळ्या कपलरला वीस रुपयांचा रेझिस्टर जोडून दिवा विझवतो. संगणकाला वाटतं एअरबॅग आहे, मालकाला वाटतं दुरुस्ती झाली. खरी वस्तुस्थिती फक्त रेझिस्टरला ठाऊक असते आणि तो बोलत नाही.

हा आरोप मूठभर हौशी लोकांपुरता आहे असं कुणी म्हणेल. तर मग देशात सर्रास खपलेल्या एका परक्या भागाची ओळख करून देणं भाग आहे. सीटबेल्टच्या टोकाची धातूची जीभ, मागे पट्टा नसलेली, म्हणजे बेल्टची टूं-टूं बंद करणारी क्लिप. 1 जुलै 2019 पासून बनणाऱ्या गाड्यांत पुढच्या सीटांना ही टूं-टूं सक्तीची झाली आणि तिच्या पाठोपाठ तिला गप्प करणारी जीभही बाजारात आली. सप्टेंबर 2022 मध्ये पालघरजवळच्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री गेले, मागच्या सीटवर पट्टा लावला नसल्याचं पोलिसांनी सांगितलं, तेव्हा देश आठवडाभर गंभीर झाला. त्याच सुमारास केंद्रीय रस्ते वाहतूक मंत्री नितीन गडकरींनी जाहीर कार्यक्रमात सांगितलं की, आपण चार मुख्यमंत्र्यांच्या गाड्यांत पुढच्या सीटवर बसलो आणि तिथेही आवाज येऊ नये म्हणून क्लिप लावलेली दिसली. नावं त्यांनी सांगितली नाहीत, पण राज्याचं सुकाणू कुणाच्या हाती आणि पट्टा कुणाच्या गळी, याचा खुलासा झाला. मे 2023 मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ई-कॉमर्स कंपन्यांविरुद्ध आदेश काढले आणि या क्लिपांच्या 13,118 जाहिराती उतरवल्या गेल्या. काही विक्रेते हा माल बाटली उघडायचं ओपनर म्हणून विकत होते, हेही तेव्हा उघड झालं. अपघातात जायची तयारी आणि बाटली, दोन्हींची सोय एकाच वस्तूत! सीटबेल्ट न लावल्यामुळे 2021 या एका वर्षात देशात 16,397 माणसं मेली, असं सरकारचीच आकडेवारी सांगते.

या ठिकाणी तीन आक्षेप येतील आणि तिन्हींत तथ्य आहे. पहिला पर्यावरणाचा : चांगला भाग भट्टीत घालण्यापेक्षा दुसऱ्या गाडीत गेला तर बिघडलं काय? काहीच नाही. दाराची काच, हँडल, मॅट, काचेचं यंत्र, सगळं खुशाल फिरवा. पुनर्वापराच्या पुण्याईत क्लिप मात्र बसत नाही, कारण ती कुणाच्या भंगारातून आलेली नसते, खास नवी बनवलेली असते. दुसरा आक्षेप कारागिरीचा : जुनी पद्मिनी किंवा ॲम्बेसेडर जिवंत ठेवायची तर चार गाड्यांतून एक गाडी उभी करावीच लागते. खरं आहे. पण त्या गाड्यांत बिघडवायला एअरबॅग नव्हती, आणि त्यांचा मेकॅनिक गाडी चालावी म्हणून हातोडी उचलतो, दिवा विझावा म्हणून नाही. तिसरा आक्षेप सगळ्यात वजनदार : दिव्यांगांना गाडीत बदल करावेच लागतात. त्यासाठी कायद्यानंच नोंदणी अधिकाऱ्याच्या मंजुरीची वाट ठेवली आहे, आणि त्या वाटेनं जाणाऱ्याला किती खेटे घालावे लागतात हे पाहिलं की सीएसटी रोडवर अर्ध्या तासात होणाऱ्या कामाबद्दल आदरच वाटू लागतो.

तर मुद्दा असा की माणसाला बदल नको आहे असं नाही आणि त्याच्याकडे पैसा नाही असंही नाही. त्याला हवं असतं ते, जे दुसऱ्याला दिलंय आणि त्याला नाकारलंय. कंपनीनं आर्मरेस्ट नाकारला, म्हणून त्यासाठी तो अर्धा रविवार आणि आठ हजार रुपये घालवतो. पट्टा मात्र पहिल्या वर्णापासून चौथ्यापर्यंत सगळ्यांना सरसकट दिला, तोही सक्तीनं, टूं-टूं करून मागे लागून. जी वस्तू सगळ्यांना मिळते तिला समाजात प्रतिष्ठा नसते, आणि जी मागे लागून दिली जाते ती आपण ओपनर लावून उघडतो. एवढं कळलं की उपायही समोर दिसतो. सरकारनं पट्टा सक्तीचा न करता दुर्मीळ करावा. तो फक्त टॉप मॉडेलला द्यावा. खालच्या तीन वर्णांच्या गाड्यांत खांद्यापाशी पट्ट्याच्या जागी एक काळं, चौकोनी डमी झाकण बसवावं. टॉप मॉडेलची डिलिव्हरी देताना शोरूममध्ये नारळ, पेढे आणि फोटोसोबत पट्टाधारणाचा विधी करावा. मुंजीत बटूला जानवं मिळतं तसा.

यावर जाणकार म्हणतील की पूर्वी एअरबॅगही वरच्या मॉडेलपुरतीच होती, तेव्हा ती आणायला कोण गेलं होतं कुर्ल्याला? बरोबर. पण एअरबॅग दिसत नाही. ती दिसते तेव्हा कौतुक करायला मालक शुद्धीवर नसतो. पट्टा मात्र छातीवर आडवा, सिग्नलला शेजारच्या गाडीतून स्वच्छ दिसतो. त्यावर ‘झेडएक्सआय प्लस’ एवढं जरीकाठात विणलं की झालं. दुसरी अडचण धर्मशास्त्राची निघेल. आपल्याकडे स्टिअरिंग उजवीकडे, त्यामुळे चालकाचा पट्टा उजव्या खांद्यावरून डाव्या कमरेला येतो, म्हणजे अपसव्य, आणि अपसव्य तर श्राद्धाला. त्यावर उत्तर एवढंच की पट्टा न लावणाऱ्यांच्या घरी तो विधी तसाही होतोच, फक्त जानवं मुलाच्या खांद्यावर असतं. ही योजना लागू झाली की बेस मॉडेलचे मालक गप्प बसतील असं ज्यांना वाटतं, त्यांना आपला समाज कळलेला नाही. टॉप मॉडेलचा पट्टा कपलर टू कपलर बसवून मिळेल का, अशी विचारणा सीएसटी रोडवर सुरू होईल, भाव चढेल, नकली जरीकाठ येईल, आणि पट्टा नसलेल्या गाडीतून वरात न्यायला नवरदेव नकार देईल. तेव्हा सरकारनं फक्त एक पथ्य पाळावं. पट्टा लावल्यानं जीव वाचतो, ही जाहिरात ताबडतोब बंद करावी. त्या एका कारणासाठी आजवर कुणी काही विकत घेतलेलं नाही.