पूर्वीचा स्पॉक राहिला नाही

आमच्या मामांना ‘स्टार ट्रेक’चा नवा सीझन आवडला, असं आजवर झालेलं नाही. आणि नवा सीझन आला नि मामांनी तो पहिल्याच दिवशी पाहिला नाही, असंही झालेलं नाही. २०२५च्या जुलैमध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’चा तिसरा सीझन सुरू झाला, तेव्हा त्यांनी डोळ्यांच्या डॉक्टरांकडची वेळ पुढे ढकलली. भाग संपला, चष्मा पुसून झाला आणि निकाल जाहीर झाला : “पूर्वीचा स्पॉक राहिला नाही!” पूर्वीची मिसळ, पूर्वीचा हापूस, पूर्वीचे पोस्टमन हे सगळे ज्या सुरात राहिले नाहीत, त्याच सुरात.

मामांसारखं एखादं माणूस प्रत्येक गल्लीत असतंच. अशांची दीक्षा दूरदर्शनवर झाली. अमेरिकेत १९६६ ते १९६९ चालून ७९ भागांत गुंडाळली गेलेली मूळ मालिका ऐंशीच्या दशकात आपल्याकडे रविवारी सकाळी लागायची. मामा तेव्हा वीज मंडळात नुकतेच चिकटले होते. त्या वेळात आपल्या भागातली लाइन जाऊ नये म्हणून त्यांनी काय तजवीज केली होती, हे ते निवृत्तीनंतरही सांगत नाहीत.

वीज मंडळातला माणूस ‘स्टार ट्रेक’ वेगळ्याच नजरेनं बघतो. शत्रूनं एक गोळा डागला की एंटरप्राइझ यानाच्या ब्रिजवरची पॅनेलं फटाफट फुटतात, ठिणग्या उडतात, माणसं खुर्चीतून फेकली जातात. आपण कॅप्टन कर्कचं काय होणार या काळजीत. मामा म्हणणार, “ब्रेकर का नाही पडला? तेविसावं शतक म्हणे, आणि साधा एमसीबी नाही. अर्थिंग तपासलंय का कुणी?” खुर्च्यांना पट्टे नाहीत, याचा त्रास त्यांना साठ वर्षांच्या सगळ्या मालिका मिळून एकत्रच होतो.

पण यानाचा मुख्य इंजिनिअर स्कॉटी हे त्यांचं दैवत. १९८४च्या सिनेमात एक जागा आहे. दुरुस्तीला जो वेळ लागेल त्याच्या चौपट सांगायचा आणि काम आधी उरकून नाव कमवायचं, ही आपली रीत स्कॉटी कॅप्टनसमोर बेधडक कबूल करतो. ही जागा आली की मामा चित्र थांबवतात. “लाइट कधी येणार म्हणून लोक फोन करायचे ना? मी सांगायचो, चार तास. तासाभरात यायची. लोक दुवा देत. हे ट्रेनिंगला कुणी शिकवत नाही, स्कॉटीनं शिकवलं.” मग तोच तुकडा पुन्हा एकदा.

रविवारी संध्याकाळी मामांच्या गॅलरीत सभा भरते. मामा, बँकेतून निवृत्त झालेले त्यांचे मित्र आणि विरोधी पक्ष म्हणून मामांची लेक. बँकवाले कडवे कर्कपंथी आहेत. १९६९ नंतर जगात काही घडलं हेच त्यांना मंजूर नाही. लेक ‘डिस्कव्हरी’ बघून, म्हणजे २०१७ नंतर, या धर्मात आली. मामांच्या लेखी ती बाटलेलीच. मात्र तिचा अभ्यास दांडगा.

“स्पॉक हसतो कसा? व्हल्कन ग्रहाचा माणूस. भावना नाहीत त्याला,” मामा सुरुवात करतात.

“बाबा, पहिल्या पायलट भागात तुझा लेनर्ड निमॉयच हसलाय. त्या गाणाऱ्या झाडांपाशी. चांगला दात दाखवून.”

“पायलट धरत नाहीत. चॅनेलनं नाकारला होता तो.”

“मग त्यातला कॅप्टन पाइक कसा धरलास? ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ सगळी त्याच्यावरच आहे. शिवाय तेच फुटेज त्यांनी १९६६च्या दोन भागांत वापरलंय.”

यावर मामा चहा मागवतात. उत्तर नसलं की चहा, हा जुना सरकारी शिरस्ता. चहा येईपर्यंत ते थोडे नरमतात. नव्या स्पॉकचं काम करणारा इथन पेक हा ग्रेगरी पेकचा नातू आहे, हे कळल्यापासून त्यांनी त्याला निम्मी माफी दिली आहे. घराणं चांगलं आहे.

मग क्लिंगॉनांचं कपाळ. जुन्या मालिकेत ही लढाऊ जमात साध्या कपाळाची होती, १९७९च्या सिनेमात कपाळावर उंचवटे उगवले. पैसे आले, मेकअप आला, एवढीच खरी गोष्ट. पण भक्ताला ती पुरत नाही. २००५ साली ‘एंटरप्राइझ’ मालिकेनं दोन भाग खर्ची घालून एका विषाणूवर खापर फोडलं, तेव्हा मामांना घरातला जुना वाद कोर्टाबाहेर मिटल्यासारखा आनंद झाला. ‘डिस्कव्हरी’त क्लिंगॉन पार टकले झाले आणि फाइल पुन्हा उघडली.

खानचं प्रकरण तर नाजूक. खान नूनियन सिंग, म्हणजे नावातच अर्धा हिंदुस्थान, हा १९६७च्या भागात आला आणि काम केलं ते मेक्सिकोतून आलेल्या रिकार्डो मॉन्टलबाननं. १९९२ ते १९९६ या काळात त्यानं पाव पृथ्वीहून अधिक भागावर राज्य केलं, असं त्या भागात ठामपणे सांगितलंय. “त्या वर्षांत मी थकबाकी वसुलीला गावोगाव फिरत होतो,” मामा म्हणतात. “मला कुठे भेटला नाही.” ही पंचाईत नव्या लेखकांनाही झाली असणार. २०२३ साली त्यांनी कालप्रवासातल्या ढवळाढवळीचं निमित्त काढून खानची तारीख सरळ पुढे नेली. लेकीला ही युक्ती भारी वाटते. मामांना मुदतवाढीचा अर्ज वाटतो. हिंदुस्थानचा विषय निघालाच, की ते परसिस खंबाटाचंही नाव काढतात. मुंबईची मुलगी, १९६५ची मिस इंडिया, ‘स्टार ट्रेक’च्या पहिल्या सिनेमासाठी तिनं डोक्यावरचे केस उतरवले. “याला म्हणतात निष्ठा,” असं ते म्हणतात आणि लेकीच्या रंगवलेल्या केसांकडे बघतात.

खरा भडका उडतो तो गाण्यांवरून. २०२३च्या ऑगस्टमध्ये ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’चा एक आख्खा भाग संगीतमय निघाला. कॅप्टन गातोय, स्पॉक गातोय, क्लिंगॉनही येऊन बॉय बँडसारखे नाचतायत. मामा उठून उभे राहिले. “यानात गाणी?” संगीत नाटकात मरणारा नायक तीनदा वन्स मोअर घेतो, तिथे डोळे पुसणारा हाच माणूस. लेकीनं तसं दाखवून दिल्यावर म्हणाले, “तिथे निदान सुरात गातात.”

या भांडणात मामांचा एक मुद्दा मात्र मला पटतो. पूर्वी एका सीझनला साधारण २६ भाग असत. त्यात दोन-चार भाग खुळचट निघाले तरी खपून जात. आता दहाच, तेही जवळजवळ दोन वर्षं वाट बघून. तिसऱ्या सीझनमध्ये त्या दहांतही एक खुनाचं रहस्य, एक झोंबींचा, एक काही जण व्हल्कन होऊन गंमत करतात तो. “ताटात चारच पुऱ्या, त्यातल्या दोन फुगलेल्या नाहीत,” इति मामा. लेकही इथे गप्प बसते.

मामींनी एकही भाग सलग पाहिलेला नाही. पण स्वयंपाकघरातून त्यांनी सगळं ऐकलंय. त्यांनी एकदा शांतपणे सांगितलं, “स्टार प्लसवर तो टकला कॅप्टन आला तेव्हा हे आठवडाभर धुमसत होते. ‘हा कसला कॅप्टन, हा तर हेडमास्तर.’ आता देवघरात फोटो लावायचा तेवढा बाकी आहे.” पिकार्डबद्दलचं हे विधान मामांनी अजून खोडलेलं नाही.

आता बातमी अशी, की ‘स्ट्रेंज न्यू वर्ल्ड्स’ पाचव्या सीझनला संपणार आणि त्यात सहाच भाग. मामांचं दोन दिवस जेवणात लक्ष नव्हतं. तिसऱ्या दिवशी कागद घेऊन बसले. १९६८ साली प्रेक्षकांनी पत्रांचा पाऊस पाडून मूळ मालिकेचा तिसरा सीझन मिळवला होता, हा त्यांचा आधार.

“त्या पत्रांनी काय मिळालं?” बँकवाल्यांनी विचारलं. “स्पॉकचा मेंदू चोरीला जातो तो भाग. तिसऱ्या सीझनची सुरुवातच ती.”

“मिळाला ना? मग झालं तर,” मामा म्हणाले आणि लिहू लागले. विषय : भागांची संख्या वाढवून मिळणेबाबत. महोदय, उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, सदर मालिका दिवसेंदिवस बिघडत चालली असून ती यापुढेही चालू ठेवण्यात यावी.

लेकीनं खांद्यावरून वाचलं. “बाबा, एकाच वाक्यात दोन्ही?”

“तपशील सोबत जोडलाय,” मामा म्हणाले. जोडलेली पानं अकरा होती. त्यातली सात एमसीबीवर.