डुकराचं परराष्ट्र धोरण

अमेरिका आणि चीन यांच्यात २०२५च्या अखेरीस जो ‘ऐतिहासिक’ समझोता झाला, त्यातल्या एका कलमावरून आमची नजर हटत नाही. २०२६पासून तीन वर्षं चीन दरसाल किमान अडीच कोटी टन अमेरिकी सोयाबीन घेणार! टाळ्या पडल्या. आता २०२४ साली, कसलाही समझोता नसताना, चीनने किती घेतलं होतं? अमेरिकेच्याच हिशेबाने २ कोटी ६० लाख टनांहून जास्त. शेजाऱ्याने शिडी नेली आणि एक पायरी मोडून परत केली, तर आपण पेढे वाटत नाही. महासत्ता वाटतात.

या प्रकरणात शहाणा एकच, चीनमधलं डुक्कर. सोयाबीनचं तेल कढईत जातं आणि पेंड त्याच्या पुढ्यात. दाणा आयोवाचा की ब्राझीलचा, याची चौकशी त्याने आजवर केलेली नाही. जुलै २०१८मध्ये चीनने अमेरिकी सोयाबीनवर २५ टक्के जादा शुल्क बसवलं, त्या दिवशी एक जहाज सुमारे सत्तर हजार टन माल घेऊन दालियन बंदराकडे जिवाच्या आकांताने धावत होतं. मुहूर्त थोडक्यात हुकला आणि ते महिनाभर समुद्रात घिरट्या घालत बसलं. डुक्कर तोवर ब्राझीलची पेंड खाऊन तृप्त. जानेवारी २०२०मध्ये करार झाला : दोन वर्षांत २०० अब्ज डॉलरची जादा खरेदी. हिशेब मांडला तेव्हा ‘जादा’ काहीच पदरी नव्हतं. डुक्कर तृप्त. एप्रिल २०२५मध्ये शुल्क अमेरिकेकडून १४५ टक्के, चीनकडून १२५. इतक्या शुल्कात व्यापार होतच नाही, मग १४५ काय आणि १,४५० काय! मे महिन्यात दोघांनी ते ३० आणि १० वर आणलं आणि स्वतःची पाठ थोपटली. ती तरी शुल्कमुक्त असावी. डुक्कर तृप्त.

तृप्त नाही तो शेतकरी. आणि इथे आमची विनोदबुद्धी संपते. अमेरिकेतल्या शेतकऱ्याला निदान सरकारी मदतीचे अब्जावधी डॉलर मिळाले, कारण त्याला मत आहे आणि त्याच्या मताला भाव आहे. लातूरच्या सोयाबीनवाल्यालाही मत आहे. २०२५च्या खरिपात त्याचा हमीभाव होता क्विंटलला ५,३२८ रुपये, आणि मोंढ्यात दर त्याच्या बराच खाली. कारण विचारलं की आडत्यापासून मंत्र्यापर्यंत सगळे आकाशाकडे बोट दाखवतात : आंतरराष्ट्रीय बाजार! भाव पडायचा असला की हा बाजार एका रात्रीत शिकागोहून लातुरात पोहोचतो. मग खत, बियाणं, डिझेल उधारीवर घेताना, मुलीच्या फीची मुदत मागताना हे आंतरराष्ट्रीय कारण गावातल्या एकाही काउंटरवर का चालत नाही? आणि भाव चढतो तेव्हा नेमका माल विकून झालेला कसा असतो? याचं उत्तर कुठल्या करारात असेल, तर ते कलम आम्हाला कुणीतरी दाखवाच.