सावधानकाका

प्रत्येक हाउसिंग सोसायटीत पाण्याचं एक वेळापत्रक, पार्किंगचं एक भांडण आणि एक सावधानकाका असतात. काका बहुधा सरकारी कचेरीतून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले. सगळी नोकरी आवक-जावकच्या टेबलावर गेली. ते टेबल सुटलं, म्हणून त्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर नवं मांडलं. पहाटे साडेपाचला पहिला जावक सुटतो: 'सावधान!!! अमुक नंबर उचलला की फोन फुटतो. झोपेत असाल तर उठून वाचा.' पाठोपाठ दुसरा, तिसरा. सोसायटीत अजून कुणाचाही फोन फुटलेला नाही, आणि याचं श्रेय काका स्वतःकडे घेतात.

काकांची भीती मोठी भव्य आहे. फोनच्या पुढच्या कॅमेऱ्यावर त्यांनी काकूंची टिकली चिकटवली आहे. त्यामुळे बंगळुरूची नात व्हिडिओ कॉलवर आजोबांना फक्त आवाजावरून ओळखते, चेहऱ्याच्या जागी तिला गडद मरून रंग दिसतो. रेल्वे स्टेशनवर फुकटचं वायफाय आहे म्हटल्यावर काका फोन बंद करून सदऱ्याच्या आतल्या खिशात घालतात. आणि अमिताभ बच्चन यांच्या आवाजातली ती सायबर फसवणुकीची सूचना! फोन लावला की आधी ती ऐकावी लागे, म्हणून अख्खा देश वैतागला होता. काका मात्र मध्ये मध्ये 'बरोबर आहे' म्हणत ती शेवटपर्यंत ऐकत, पलीकडच्याने फोन लवकर उचलला तर त्यांना राग येई. 2025 च्या जूनमध्ये ती बंद झाली, तेव्हा काका दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

हा झाला सरहद्दीवरचा बंदोबस्त. घराचं दार मात्र सताड उघडं. एटीएमचा पिन म्हणजे काकांचं जन्मसाल. यूपीआयचाही तोच. तरी विसरायला नको म्हणून कालनिर्णयच्या मागच्या बाजूला, दुधाच्या हिशेबाशेजारी, 'गुप्त' अशी चौकट आखून लिहिलेला. बँक, वीजबिल, नाटकाची तिकिटं, सगळीकडे पासवर्ड एकच: कुलदैवताचं नाव आणि पुढे 123. कुलदैवतावरचा विश्वास मी समजू शकतो, 123 वरचा नाही. फोन अपडेट मागायला लागला की 'चांगलं चाललंय त्याला कशाला हात लावा' म्हणून त्याला गप्प करायचं.

'पिन कुणाला सांगू नये, ओटीपी तर मुळीच नाही,' हे व्याख्यान काका वाण्याच्या दुकानात उभे राहून देतात आणि तिथल्या तिथे कोड स्कॅन करून पिन टाकायला घेतात. कचेरीत आकडे मोठ्याने वाचून ताळा करायची सवय. 'एक... नऊ... पाच...' इथे चष्मा नाकावरून घसरतो. वाणी साखर तोलता तोलता म्हणतो, 'चार राहिला, काका.'

काकू यातल्या कशावरही बोलत नाहीत, पण घराची खरी राखण त्यांच्याकडे आहे. मध्यंतरी काकांना अनोळखी नंबरवरून एक लग्नपत्रिका आली. फायलीच्या नावाच्या शेवटी 'एपीके' होतं. म्हणजे ती पत्रिका नव्हतीच, फोनमध्ये शिरून मेसेज वाचणारं अ‍ॅप होतं. काकांनी चष्मा पुसला, बोट पुढे केलं. स्वयंपाकघरातून आवाज आला, 'अहो, पितृपक्षात कोण लग्न करतंय?' बोट जागच्या जागी थांबलं. ही तपासणी अजून कुठल्या अँटिव्हायरसला जमलेली नाही.

आणि मग एक दिवस तो व्हिडिओ कॉल आला. पलीकडे खाकी वर्दी, मागे तिरंगा. 'आपके आधार पर पार्सल पकडा गया है. आप डिजिटल अरेस्ट में हो. किसी को बताना नहीं.' अशी अटक आपल्या कायद्यातच नाही, हे खुद्द पंतप्रधानांनी ऑक्टोबर 2024 च्या 'मन की बात'मध्ये सांगितलं होतं. काकांनी तो इशारा सगळ्यांना फॉरवर्ड केला होता, फक्त वाचला नव्हता. त्यांना दरदरून घाम फुटला. तेवढ्यात वर्दीवाल्याने अटकेचं पत्र व्हॉट्सअ‍ॅपवर धाडलं, आणि तिथेच तो फसला. कागद बघताच काकांमधला हेडक्लार्क जागा झाला.

'इसका जावक क्रमांक किधर है?'

वर्दीवाला गडबडला.

'संदर्भ नहीं, विषय नहीं, प्रत किसको दी वो भी नहीं. और शिक्का सही के ऊपर मारते हैं क्या?'

'आपको जेल होगी!'

'होऊ दे. पण पहले पत्र रीतसर करो, पोस्ट से भेजो. उत्तर को पंधरा दिन लगेंगे.'

कॉल पलीकडून कापला गेला. टिकलीमुळे त्या बिचाऱ्याला काकांचं तोंडसुद्धा दिसलं नाही. या भामट्यांचं सगळं भांडवल म्हणजे समोरच्याची घाई. काकांना सबंध नोकरीत कुणी घाई करायला लावू शकलं नाही, तिथे या पोराची काय कथा!

पैसे गेले नव्हते, म्हणून काकांनी त्या नंबरची तक्रार सरकारच्या 'संचार साथी' पोर्टलवरच्या 'चक्षू'कडे केली, आणि तिची स्थळप्रत फायलीला लावली. गेले असते तर लगेच सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा 1930 फिरवायचा होता; जितक्या लवकर फिरवाल तितकी रक्कम वाटेत अडवली जाण्याची आशा जास्त. नातीने तेवढ्यावर सोडलं नाही. पिन आपणच कुणाला दिला असेल, तर बँकेला कळवेपर्यंतचं नुकसान आपणच सोसायचं, हे रिझर्व्ह बँकेचं 2017 चं परिपत्रक तिने आजोबांना वाचून दाखवलं. परिपत्रक म्हटल्यावर काका नरमले. कालनिर्णयवरची 'गुप्त' चौकट खोडली गेली, बँकेचा पासवर्ड वेगळा झाला, फोन अपडेट झाला.

नवा पिन काकूंच्या जन्मसालाचा आहे. वाण्याला तो अजून पाठ झालेला नाही, एवढी प्रगती मानायला हरकत नाही.