न मागेल त्याला तळे

राज्य सरकारने २०१६ साली ‘मागेल त्याला शेततळे’ योजना आणली. अर्ज भरा, सातबारा जोडा, तेव्हाच्या दराने जास्तीत जास्त ५० हजार अनुदान घ्या. बडनेऱ्यातल्या आमच्या ले-आउटमध्ये एवढी कटकट नाही. जुलैचा एक दणका बसला की दारात तळे हजर, तेही विनाअनुदान.

आता म्हणे महापालिकेला या पाण्यासाठी शास्त्रशुद्ध तळी खोदायची आहेत. बेत टिंगल करण्यासारखा नाही. एका हेक्टरवर ५० मिलिमीटर पाऊस कोसळला की ५ लाख लिटर पाणी होते. उन्हाळ्यात भेगाळलेली आपली काळी माती पहिले दोन पाऊस गटागटा पिते. एकदा फुगली की थेंब आत घेत नाही. त्यात आता अंगणालाही पेव्हिंग ब्लॉक! म्हणून पाणी सखल जागी थोपवायचे आणि बारक्या पाइपातून दिवस-दीड दिवसात नाल्यात सोडायचे. आठवडाभर साचले तर डासांची बारशी होतात. मुंबईत हिंदमाता परिसरात तुंबणारे पाणी बागेखाली, मैदानाखाली टाक्या बांधून त्यांत घेतात.

आमच्याकडे जागाच नाही, म्हणजे नकाशात आहे. ले-आउटला १० टक्के ओपन स्पेस सोडलेली असते. आमच्या ओपन स्पेसवर मारुतीचे मंदिर झाले, मंदिराला सभामंडप, सभामंडपाला कुंपण आणि कुंपणाला टेकून ग्रीन जिम. ‘मारुतीराया, जरा सरका’ म्हणायची छाती कोणाची? ओपन स्पेसच्या खालच्या अंगाचा सखल तुकडा, जिथे पूर्वी म्हशी डुंबत, तो ‘ईस्ट फेसिंग कॉर्नर प्लॉट’ म्हणून केव्हाच विकला गेला. नाला स्लॅबखाली नांदतो आणि स्लॅबवर पाणीपुरी मिळते.

रस्त्याचे तर काय सांगावे! जुना न उखडता त्यावरच नवे काँक्रीट. दर निवडणुकीला रस्ता वीतभर वर येतो आणि घरे तेवढीच खाली जातात. शेजारच्या आजींच्या उंबरठ्यावर तीन विटांचा बांध आहे, त्यावर सिमेंटचा गिलावा. पावसाळ्यात त्यांच्याकडे जायचे तर सोवळ्यात गेल्यासारखे धोतर वर धरून तो ओलांडावा लागतो. गेल्या साली नवी नाली झाली. तिचे पुढचे तोंड मागच्यापेक्षा उंच. पाण्याला टेंडर वाचता येत नसल्याने ते उताराने परत आजींकडेच येते.

परवा या तळ्यांसाठी सर्व्हेवाला पोरगा आला. तिपाई रोवली, यंत्राला डोळा लावला.

“काय पाह्यतं रे बाप्पा त्याच्यातून?”

“लेव्हल काढतो, आजी.”

“मंग मले इचार ना! पह्यले मंदिरामांगं भरते, मंग माह्या घरात येते. पलंगाचे पाय बुडाले की लाइन जाते. त्याले मशीन कायले पाह्यजे?”

पोराने मान हलवली, पण लिहिले काही नाही. फॉर्मात आजींसाठी कॉलम नव्हता.

मी मात्र मनावर घेतले आणि महापालिकेच्या ऑफिसात लेखी सूचना दिली : मोठा पाऊस पडला की एका शिपायाला छत्री आणि चुन्याची पाटी देऊन वस्तीत पाठवावे. पाणी जिथे थांबेल तिथे रेघ मारावी. झाला तळ्याचा नकाशा, सल्लागाराची फी वाचली. साहेबांनी अर्ज दोनदा वाचला, चष्मा काढला आणि शेरा मारला : ‘पावसात चुना वाहून जातो. सबब, प्रस्ताव मार्चमध्ये सादर करावा.’