भंगारवाल्याच्या आधी काकू

— वैनी, अहो वैनी! कपडे वाळत घालून झाले की जरा कुंपणाशी या. काकूंच्या तेराव्याला तुम्ही लवकर उठून गेलात, पुढची गंमत चुकली तुमची.

— गंमत? तेराव्याला?

— तर काय! पानं वाढलेली, आणि पंगतीत वाद पेटला काकूंच्या कागदांवरून. लेक म्हणते, पुण्याला भारत इतिहास संशोधक मंडळात देते, तिथं नीट राहतील. खालच्या आळीतले म्हणाले, वाईचे कागद वाईतच राहिले पाहिजेत. म्हणणारे कोण, तर जन्मभर त्यांना ‘दगडबाई’ म्हणणारे!

— दगडबाई तर तुम्हीसुद्धा म्हणायचात.

— म्हणायचे की. शाळेत गणित शिकवलेली बाई, निवृत्त झाल्यावर पापड लाटायला यावं, तर ही बादली आणि ब्रश घेऊन देवळामागं बसलेली. दगड घासायचा, ओला कागद त्यावर थापायचा, ब्रशनं ठोकून ठोकून अक्षरांत बसवायचा, वाळत आला की वरून शाई फिरवायची. काळ्यावर पांढरी अक्षरं उमटायची. इकडं भाजी करपून कोळसा. काका बिचारे चहा-पोळीवर दिवस काढायचे, पण तक्रार नाही हो. उलट बादली तेच भरून द्यायचे.

आमच्या धुण्याच्या दगडाचं माहीत आहे ना?

— नाही बाई. मी तेव्हा आले नव्हते या घरात.

— मग ऐका. काकू साखर मागायला आल्या होत्या. सासूबाई परसात धुणं धूत होत्या. साखर राहिली बाजूला, ही बाई दगडाच्या कडेशी उकिडवी बसून बोटानं चाचपतेय. म्हणाली, उलटा करा. दोन गडी बोलावले, उलटा केला, तर खाली वीरगळ! तळाच्या खणात लढाई चाललेली, मधल्या खणात अप्सरा वीराला वर नेताहेत, त्याच्या वर तो महादेवाच्या पिंडीपुढं हात जोडून बसलाय, आणि अगदी माथ्यावर चंद्र-सूर्य. आम्ही सगळे तोंडात बोट घालून उभे. सासूबाई म्हणाल्या, ‘ते सगळं खरं, पण मी धुणं कुठं धुऊ?’

— बरोबरच आहे की त्यांचं!

— काकूंनाही पटलं. पेन्शनीतून शहाबादी फरशी आणून बसवून दिली, मगच वीरगळ नेऊन देवळाच्या भिंतीशी उभा केला. नुसतं ‘वारसा जपा, वारसा जपा’ असं नाही. कुणाचं धुणं अडवलं नाही त्यांनी.

बोलायच्या मात्र अशा, जसं काही सगळं काल घडलंय. गोपिकाबाई म्हणजे नानासाहेब पेशव्यांची बायको. ती रास्त्यांची लेक, आपल्या वाईची. काकू म्हणायच्या, ‘थोरला विश्वासराव १७६१ मध्ये पानिपतावर गेला, माधवराव १७७२ मध्ये थेऊरला क्षयानं, नारायणरावाला पुढच्याच वर्षी मारेकऱ्यांनी मारलं. आपल्या गावच्या पोरीनं तिन्ही लेकांचं मरण पाहिलं हो.’ आणि डोळ्याला पदर. मला वाटायचं, पलीकडच्या गल्लीतल्या कुणाचं तरी सांगतायत.

— आणि मेणवलीला त्या गाइडला झापलं होतं म्हणे?

— झापलं कसलं, धुतला! त्या मोठ्या घंटेचं काहीतरी रचून सांगत होता. काकू गर्दीत शिरून म्हणाल्या, घंटेवर १७०७ साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मेरी आहे, दिसत नाही का? चिमाजी अप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतली, तेव्हाची लूट आहे ही. पण पर्यटकांवर नाही चिडायच्या. ‘स्वदेस’चं शूटिंग कुठं झालं विचारलं की घाटावरची जागा दाखवायच्या, शाहरुखचं नाव घ्यायच्या, आणि तिथून गाडी घाट बांधणाऱ्या नाना फडणवीसांवर. मग माणूस तासभर सुटायचा नाही.

— विश्वकोशाच्या ऑफिसातही जायच्या ना सारख्या?

— जायच्या. तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी विश्वकोशातून जगाचं ज्ञान वाईत आणून बसवलं, पण त्यात आपल्या बोळातल्या आडाचं काय येणार? ते काकूंनी वह्यांत लिहिलं. कुठला वाडा कधी पडला, त्याचे खांब कुणाच्या घराला लागले, सगळं. निम्म्या आळीला ते नकोच होतं लिहिलेलं!

खरी मजा आली २०२३च्या दिवाळीच्या सुमाराला. आरक्षणाच्या दाखल्यांसाठी कुणबी नोंदी शोधायची धावपळ सुरू झाली. जुन्या नोंदी मोडीत, मोडी कुणाला येते? मग दगडबाईच्या दारात रांग. गाव नमुना चौदा, जन्म-मृत्यूची पुस्तकं, घरातली खतं, पत्रं. पैसे घ्यायच्या नाहीत, पण अट एकच. पाहिजे तो कागद वाचून देईन, बाकीच्या बाडाचे फोटो मला काढू द्यायचे.

— हुशार बाई!

— आणि कडकही. एक जण म्हणाला, इथं जरा कुणबी आहे असं वाचा ना. ‘लिहिलंय तेवढंच वाचीन,’ म्हणाल्या आणि कागद घडी करून हातात दिला. वर्षभर बोलला नाही तो. तेराव्याला मात्र सगळ्यात आधी हजर.

आता त्या बाडांचे रुमाल बांधून ठेवलेत, वह्या वेगळ्या. मला विचाराल तर लेकीचं बरोबर आहे, पुण्याला जाऊ देत. इथं ‘वाईतच राहू देत’ म्हणणाऱ्या एकानंही कपाट देतो म्हटलं नाही.

— पण काय हो ताई, आपल्यासारख्यांच्या कागदांत असतं काय एवढं?

— असं काकूंसमोर म्हणाला असतात तर! राजवाड्यांनी मराठ्यांच्या इतिहासाच्या साधनांचा पहिला खंड १८९८ मध्ये काढला, त्यातली पानिपताच्या वेळची पत्रं कुठली? इथली, वाईतल्या एका घरातली. कुणीतरी तेव्हा बंबात घातली असती तर संपलंच होतं. तुमच्या माळ्यावर सासऱ्यांची ट्रंक होती, तिचं काय केलंत?

— ती? खाली काढून ठेवलीय. रविवारी भंगारवाला येतो ना.

— वैनी! काकूंची लेक शनिवारपर्यंत इथं आहे, तिला मोडी येते. दार उघडं ठेवा, मी आलेच मागच्या बाजूनं. ट्रंकेची एक कडी तुम्ही धरा, एक मी धरते.