पिरियडमास्तर

ऑफ पिरियड कोणाच्या गळ्यात पडणार, यावरून शिक्षकखोलीत रुसवेफुगवे होतात. आमच्या शाळेतले एक सर मात्र तो मागून घेतात. इंग्रजी आणि विज्ञान दोन्ही त्यांच्याकडे. सकाळी इंग्रजीत शब्दाचा एक अर्थ सांगायचा आणि दुपारी विज्ञानात तो आपणच मोडीत काढायचा, असं त्यांचं वेळापत्रक. ‘कम्पाउंड’ शिकवताना संयुक्त वाक्यावरून ते थेट मिठावर उतरतात आणि जाता जाता शाळेच्या कम्पाउंडची भिंत पडायला आलीय हेही ऐकवतात. हेडमास्तर त्या बाजूनं जात असले तर जरा मोठ्यानं.

पण खरी त्यांची लाडकी चीज म्हणजे पिरियड. नववीत अमेरिकेहून परतलेलं एक पोरगं वाक्याच्या शेवटच्या टिंबाला ‘पिरियड’ म्हणालं. वर्ग हसला, इथं सगळे फुलस्टॉपवाले. दुसरा एखादा ‘तिकडं तसं म्हणतात’ म्हणून पुढं गेला असता. सर फळ्याकडे वळले. शब्द मुळात ग्रीक, अर्थ फेरी, वळसा. वक्ते डौलात वळवत आणलेल्या अख्ख्या वाक्यालाच पिरियड म्हणत. पुढं ते नाव वाक्य संपवणाऱ्या टिंबाला चिकटलं. अमेरिकेनं ते ठेवलं, इंग्लंडात फुलस्टॉप रुळला.

झालं? छे! सरांनी मीटरभर दोरीला डस्टर बांधून खिडकीच्या गजाला लटकवला. जाऊन परत यायला साधारण दोन सेकंद. हाही पिरियड, दोलनकाल. झोका थोडा कमी दिला तरी दोनच सेकंद. पोरं गळा काढून आकडे मोजतायत, डस्टरमधून खडूची भुकटी उडतेय, शेजारच्या वर्गानं ‘आवाज कमी करा’ सांगायला पाठवलेला शिपाई स्वतःच मोजायला लागलाय.

मग मेंडेलीव्ह. त्याची १८६९ सालची सारणी, आज ११८ मूलद्रव्यं, सात आडव्या ओळी. प्रत्येक ओळ एक पिरियड, कारण ओळ बदलली की तेच गुणधर्म फिरून येतात. लिथियमपासून आठ घरं पुढं सरका, सोडियम हजर. पाण्याशी याचंही भांडण.

एवढ्यात मागच्या बाकांवर खसखस पिकली. मुलींनी वह्यांत तोंडं लपवली.

‘‘हसता काय रे? तोही फेराच. ठरावीक दिवसांनी परत येतो, म्हणून पिरियड. यात लाजायचं काय? लिहून घ्या.’’

मुलांनी मुकाट्यानं लिहून घेतलं. आमच्याकडे आरोग्याच्या तासालाही हे इतकं सरळ कोणी सांगत नाही.

गणिताच्या बाई फळ्यावरचा लाकडी कंपास घेऊन केव्हाच्या दारात उभ्या होत्या.

‘‘सर, तुमचा पिरियड संपून दहा मिनिटं झाली.’’

‘‘बाई, ज्युरासिक पिरियड साडेपाच कोटी वर्षं चालला,’’ डस्टरला आणखी एक झोका देत सर म्हणाले, ‘‘तेव्हा कोणी असं दारात येऊन उभं राहिलं नव्हतं.’’